खडूची ओली रेघ

आबा,

तुमच्या फेरीतल्या त्या शेवटच्या विहिरीचं पाणी पुन्हा चढलं आहे. परंड्याहून भूमकडं जाताना डांबरी सोडून आत वळलं की माळावर चार घरांची वस्ती लागते, तिच्या पुढ्यातली, खडीच्या खाणीच्या अलीकडची. मे अर्धा सरला. आसपासच्या विहिरींनी तळ दाखवलाय, बोअरमधून पाण्याऐवजी नुसती हवा येतेय, आणि ही एकटी दिवसागणिक वर येते आहे. आभाळात ढग नाही, जवळपास कालवा नाही, कुणी टँकर रिकामा केलेला नाही. वस्तीवरची माणसं सोनारीच्या देवळाच्या दिशेनं हात जोडतात आणि भैरोबाची कृपा म्हणतात. मला तुमचं बोलणं आठवतं. "अवकाळी चढलेल्या पाण्याला आधी भ्यायचं, मग प्यायचं." तुमच्या बाकीच्या उपदेशासारखंच हेही मी तेव्हा या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं.

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहायला बसले ते एका आकड्यासाठी. तुम्ही भूजल खात्यासाठी विहिरींची पातळी मोजत फिरायचात, मी आता गावोगाव पाण्याचे नमुने तपासत फिरते. कंत्राटी आहे, दरवर्षी मुदतवाढीची वाट बघते. तुम्ही पाण्याची खोली बघायचात, मी गुण बघते. आई असती तर म्हणाली असती, बाप गेला तरी या घराची विहीर काही सुटली नाही. तिचं आणि तुमच्या त्या पोलादी टेपचं कधी पटलंच नाही. दौऱ्यावरून आलात की तुम्ही टेप पुसून स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवायचात आणि त्याच्यावरची खडूची भुकटी नेमकी तिच्या पिठाच्या परातीत पडायची. "लोकांची माणसं बाजारातनं खाऊ आणत्यात, आमची विहिरींची खोली आणत्यात," ती म्हणायची. तुम्ही हसत नव्हता. भाकरी मोडता मोडता आज कुठली विहीर किती उतरली ते तिला सांगायचात, नात्यातल्या माणसांची तब्येत सांगावी तसं. तीही परात झटकत सगळं ऐकून घ्यायची.

कॉलेजच्या सुट्टीत मी तुमच्याबरोबर यायचे. तुमची पद्धत ठरलेली. विहिरीजवळ गेलं की आधी चप्पल काढायची, मग कठड्यावर वाकून आत हाक मारायची, "हाय का कुनी?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याच्या घरात शिरताना कडी वाजवतो का न्हाय आपण? आत कुनी गाळ काढत असंल, पोरं पोहत असतील, पारवं असत्यात. कुणाच्या टाळक्यात वजन पडलं तर?" कारण खरंच होतं, पण तुमचं तेवढ्यावर भागत नसे. तुम्ही डोळे मिटून आवाज परत यायची वाट बघायचात. पाणी खोल असलं की आवाज रेंगाळत, जाडा होऊन यायचा. पाणी वर असलं की लगेच यायचा. टेप सोडायच्या आधीच तुम्ही अंदाज सांगायचात आणि तो वीतभराच्या आत बरोबर निघायचा. मग टेपच्या टोकाकडच्या भागाला पांढरा खडू घासायचा, टोकाला ओळंबा बांधायचा, तो पाण्यात बुडेपर्यंत टेप आत सोडायचा आणि कठड्यावरच्या रंगाच्या खुणेशी धरून आकडा वाचायचा. वर ओढला की जिथवर पाणी लागलंय तिथवरचा खडू ओला, काळपट. त्या ओल्या रेघेवरून पाणी किती खाली आहे ते कळतं. आकडा मोठा असेल तर पाणी खोल, लहान असेल तर पाणी वर. शेवटी कठड्याची उंची वजा करायची, कारण वहीत जमिनीपासूनची खोली लिहायची असते.

ते वजा करायचं मी एकदा विसरले. सोनारीच्या अलीकडच्या एका विहिरीवर तुम्ही मला पहिल्यांदाच एकटीनं मोजू दिलं होतं. आपण रस्त्यावर येऊन एसटीची वाट बघत होतो, तुम्ही वही उघडलीत, आकडा बघितलात आणि वही मिटून म्हणालात, "जा." कुठं, म्हटलं. "परत जा. मोजून ये." मी म्हटलं, आबा, कठड्याची उंची मला ठाऊक आहे, इथंच वजा करून लिहिते. त्यावर तुम्ही म्हणालात, "त्यो आकडा तुझ्या डोक्यातला झाला. मला विहिरीतला पायजे." एसटी आली, थांबली, गेली. मी भर उन्हात तीन किलोमीटर चालत गेले आणि तीन किलोमीटर परत आले. तुम्ही लिंबाखाली तसेच उभे होता. पाण्याची बाटली पुढं केलीत. आणि घरी आल्यावर परंड्याच्या गवंड्याकडून हौसेनं घेतलेला तुमचा पितळी ओळंबा माझ्या हातात ठेवलात. "आता ह्यो तुझा." रागावल्यावर बक्षीस द्यायची तुमची ही तऱ्हा घरात कुणालाच कधी कळली नाही. मला त्या दिवशी एवढंच कळलं की चुकलं तर परत जावं लागतं.

आता गेल्या आठवड्याचं सांगते. वस्तीवरून कुणीतरी पंचायतीत सांगितलं की आमच्या विहिरीचं पाणी आरशासारखं झालंय, येऊन बघा. सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान होता. मी तपासणीची पेटी घेऊन गेले. चप्पल काढली, वाकले, तुमच्यासारखी हाक मारली. ओठ मिटायच्या आत आवाज परत आला. मी दचकून मागं सरले, कारण तो खालून आल्यासारखा वाटलाच नाही, समोरून आल्यासारखा वाटला. मग पुन्हा वाकून पाहिलं. पाणी इतकं नितळ की बुडलेल्या पायऱ्या तळापर्यंत मोजता येत होत्या. तळाशी एक गंजलेली बादली उभी होती, हात घातला तर कडी हाताला लागेल इतकी जवळ दिसत होती. शेवाळ नाही. बेडूक नाही. दगडांच्या खोबणीत पूर्वी पारवे घुमायचे, त्यातल्या एकाही खोबणीत पारवा नव्हता. एवढ्या पाण्यात एकही जीव नाही हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला.

तेवढ्यात खाणीचा भोंगा झाला. मी घड्याळ बघितलं नाही, पाण्याकडंच बघत राहिले. आधी पाणी थरथरलं. कडेकडेनं गोल रेघा उठल्या आणि आत, मध्याकडं सरकत गेल्या. दगड टाकला की रेघा मधून कडेला जातात, या कडेकडून मध्ये आल्या. त्यानंतर आवाज आला, सुरुंगाचा. जमिनीतून हादरा हवेच्या आधी पोचतो हे मला माहीत आहे, तरी मान्य करते, अंगावर काटा आला. आवाजाच्या आधी विहिरीला कळलं होतं.

बाटली भरून घेतली आणि तिथंच, लिंबाच्या सावलीत, काचेच्या नळीत थोडं पाणी घेऊन पेटीतली पूड टाकली. या तपासणीत पाणी चांगलं असलं तर बिनरंगाचंच राहतं, फार तर फिकट गुलाबी होतं. हे पाणी बघता बघता गुलाबी झालं, मग गर्द झालं, मग बीट चिरलेल्या हातासारखं झालं. पेटीबरोबरच्या रंगांच्या पट्टीवरचा शेवटचा रंग त्याच्यापुढं फिका दिसत होता. पाण्यात नायट्रेट होतं, तेही बेसुमार. तुमच्या वेळी याची तपासणी अशी विहिरीवर होत नव्हती. आबा, ती खाण मध्ये बरीच वर्षं बंद होती, तीन वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामासाठी परत सुरू झाली. खाणीत साचणारं पाणी पंपानं उपसून वरच्या अंगाच्या जुन्या खड्ड्यात सोडतात. त्यात सुरुंगाच्या दारूचा अंश उतरलेला असतो, आणि सुरुंगांनीच काळ्या खडकाला पाडलेल्या भेगांतून ते झिरपत विहिरीत येतं. कृपा ती एवढीच. मोठ्या माणसांना त्यानं सहसा काही होत नाही. दोन-चार महिन्यांच्या लेकराला होतं. त्याचं रक्त हवा धरेनासं होतं, ओठ आणि नखं निळी पडतात. आणि हे पाणी उकळलं की विष कमी होत नाही, पाणी आटतं तसं ते वाढतं.

मान वर केली तर ओसरीवर एक मुलगी मांडीवर तान्हं घेऊन बसली होती. हातात दुधाची बाटली. तिच्या शेजारी वस्तीवरच्या मावशी. तुम्हाला त्या आठवतील, आपण गेलो की गुळाचा खडा आणि तांब्या आणून ठेवायच्या. आता सत्तरीच्या झाल्यात. ती मुलगी त्यांची नातसून, बाळ चाळीस दिवसांचं.

मी म्हटलं, मावशी, हे पाणी बाळाला देऊ नका.

"उकळून देतो की, ताई," नातसून म्हणाली. "मला दूध कमी हाय, म्हून डब्याचं पाजतो. दर बारीला उकळते. कटाळा करत न्हाय म्या." तिचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मला तिच्याकडं बघवेना. बाळाचा हात हातात घेऊन नखं पाहिली. कडेनं जांभळट होती, किंवा मलाच तशी वाटली. ओसरीवर उजेड कमी होता.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "आगं, आमच्या घरातलं एक लेकरू गेलंय ह्याच्या आधी. माझ्या पोराचं पहिलं. दोन महिन्याचं व्हतं. निळं पडून गेलं. तवा म्या तुझ्या बापाला हेच इचारलं व्हतं, पान्यानं तर झालं नसंल? त्यांनी वही उघडून दाखिवलं. म्हनले, लेकरू आधी गेलंय, पानी मागनं चढलंय, पान्याचा दोष न्हाय. आता तू येगळं सांगती व्हय?"

मी नळीतलं गर्द पाणी मातीत ओतलं.

"तुझा बाप खोटं बोलनारा मानूस न्हवता," त्या म्हणाल्या. "ती वही आसंल तर आन. वहीत येगळं निघालं तर ह्या हिरीचा थेंब आमी घेत न्हाय. न्हाय तर दुसरं पानी कुठनं आनू म्या? टँकर आठ दिसांनी येतोय." मी पेटी आवरली. निघताना पुन्हा सांगितलं की निदान आजच्या दिवस तरी बाळाला या पाण्याचं दूध देऊ नका. नातसुनेनं मावशींकडं पाहिलं आणि मावशींनी विहिरीकडं.

ते पहिलं लेकरू गेलं त्या मे महिन्याला आता चोवीस वर्षं झाली. तुम्हाला हिवताप भरला होता, मेच्या उन्हात अंगावर दोन गोधड्या. मोजणीचे दिवस ठरलेले असतात, सगळ्या विहिरी झाल्या होत्या, ही एकच राहिली होती. "तू जाऊन ये," तुम्ही म्हणालात. कुणाला सांगू नको हे तुम्हाला बोलावं लागलं नाही. खात्याचं काम पोरीकडून करून घेणं नियमात बसत नव्हतं. एसटी उशिरा आली आणि मी वस्तीवर पोचले तेव्हा बारा वाजले होते. भर बाराला विहिरीवर जाऊ नये, असं आई सांगायची, त्यावर तुम्ही म्हणायचात, विहिरीला घड्याळ कळत नाही. वस्तीवर चिटपाखरू नव्हतं. माणसं बहुतेक कुठं लग्नाला गेली असावीत. एका बंद दारामागं तान्हं बाळ रडत होतं, तेवढाच काय तो आवाज. मी वाकून हाक मारली आणि ती तशीच, अर्धीमुर्धी, लगेच परत आली. जसं काही कठड्याच्या आतल्या बाजूला, हातभर खाली, कुणीतरी तोंड वर करून उभं आहे आणि माझेच शब्द मला परत देतं आहे. पाठोपाठ खाणीत सुरुंग उडाला. आणि सगळं शांत झाल्यावर विहिरीतून उसासा आला. आवाज म्हणत नाही मी, उसासा. गार हवा माझ्या तोंडावर आली, तिला भिजलेल्या काडेपेटीसारखा वास होता. मागचं बाळ रडायचं थांबलं होतं.

मी पळाले. टेप पिशवीतून बाहेर काढलाच नाही. रस्त्याला लागल्यावर वही काढून मागल्या मेचा आकडा बघितला, अकरा मीटर दहा होता. त्यात वीतभर घालून अकरा मीटर तीस लिहिला. खाणीच्या आसपास मेमध्ये पाणी तेवढं उतरणं साहजिक होतं, तुम्हाला काही वावगं वाटलं नसतं. घरी येऊन वही तुमच्या उशाशी ठेवली. तुम्ही तापातच विचारलंत, "हाक मारलीस?" मी हो म्हटलं. तेवढं मात्र खरं होतं.

मृगाच्या आठ दिवस आधी ते बाळ गेलं. त्याची आई आजारी होती, म्हणून त्याला शेळीच्या दुधात पाणी घालून पाजत होते. हे आपल्याला कळलं ऑक्टोबरात, तुम्ही पावसाळ्यानंतरच्या मोजणीला गेलात तेव्हा. मी तुमच्या मागं उभी होते. मावशी तेव्हा पन्नाशीच्याही नव्हत्या. त्यांनी विचारलं, आणि हेही म्हणाल्या की उन्हाळ्यातच पाणी वर आल्यासारखं वाटत होतं. तुम्ही चष्मा लावलात, पान उलटलंत, माझ्या आकड्यावर बोट ठेवलंत आणि त्यांना वाचून दाखवलंत. अकरा मीटर तीस. नेहमीसारखंच, उलट थोडं खालीच. तुमचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मावशींनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, कागदावर हाय तेच खरं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं, पण तुम्ही वही मिटलीत आणि चप्पल घालायला वळलात. पुढच्या मेमध्ये तुम्ही स्वतः मोजलंत तेव्हा पाणी खूप वर होतं. त्या रात्री तुम्ही धड जेवला नाहीत. पाण्याची बाटली भरून तपासणीला पुढं पाठवलीत, तिचं काय झालं ते कधीच कळलं नाही. नंतर खाण बंद पडली, पाणी पुन्हा पहिल्यासारखं उतरलं, तुम्ही निवृत्त झालात आणि गोष्ट मिटली असं मी धरून चालले.

गेल्या आठवड्यात वस्तीवरून थेट घरी गेले आणि तुमची ट्रंक उघडली. कच्च्या वह्या तुम्ही सालवार बांधून ठेवल्या होत्या, शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पानभर तुमचं अक्षर आणि मध्येच एका ओळीत माझं, गोल गोल, कॉलेजातलं. आणि त्या आकड्याच्या डोक्यावर पेन्सिलीचा ठिपका. तुमची ही सवय मला माहीत होती. एखाद्या आकड्याची शंका आली की त्याच्यावर ठिपका द्यायचा, दुसऱ्या दिवशी परत जाऊन मोजायचं आणि मग ठिपका खोडायचा. सगळी वही चाळली. ठिपके बरेच होते, सगळे खोडलेले. न खोडलेला हा एकच. म्हणजे तुम्हाला शंका होती, आबा. आजारपणात परत जाता आलं नाही, मग पाऊस झाला आणि त्या मेचं पाणी मोजायचं कायमचं राहून गेलं. आणि तरी तुम्ही मावशींपुढं ठिपक्याशेजारी बोट ठेवून तो आकडा वाचलात. मला सांभाळलंत की स्वतःची नोकरी सांभाळलीत, हे विचारायला तुम्ही नाहीत. मला तुमचा रागही आला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा आला, आणि खरं सांगायचं तर त्यानं थोडं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन वस्तीवर गेले. पुन्हा बाराच वाजले होते, या विहिरीच्या आणि माझ्या नशिबात दुसरी वेळच नाही. मावशींनी विहिरीजवळच्या दगडावर बसूनच वही हातात घेतली. त्यांना वाचता येत नाही, पण अक्षर बदललेलं दिसतं. बोट माझ्या ओळीवर थांबलं.

"ह्ये त्यांच्या हातचं न्हाय."

"माझ्या हातचं आहे," मी म्हटलं. "आबा तापानं पडले होते. मी आले होते मोजायला. मी भ्याले, मावशी. टेप सोडलाच नाही. मनानं आकडा लिहिला. आबांनी तुम्हाला माझा आकडा वाचून दाखवला."

त्यांनी बोट त्या ओळीवरून उचललं. मग म्हणाल्या, "म्हंजी तवा पानी चढल्यालं व्हतं का?"

"मला माहीत नाही. मी मोजलंच नाही."

"मला म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. "पोहऱ्याला दोर आखूड लागत व्हता. दोन हात, चार हात, रोज आखूड. तुझ्या बापाला म्या बोलले बी. ते म्हनले, वही तसं म्हनत न्हाय. मंग म्या म्हनलं, आपल्यालाच भ्रम झाला आसंल, लेकराच्या दुःखानं. चोवीस वरसं म्या माझ्याच हातांना खोटं म्हनत आले." त्यांचा आवाज चढला नाही. त्या उठल्या, ओसरीवर गेल्या, नातसुनेच्या हातातली दुधाची बाटली घेतली आणि अंगणात उपडी केली. दूध तापलेल्या मातीत मुरून जाईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. माझ्याकडं वळून एकदाही पाहिलं नाही.

बाळाला त्याच दुपारी परंड्याला दवाखान्यात नेलं. मी बरोबर गेले, कुणी ये म्हटलं नव्हतं. डॉक्टरांना मी नळीतल्या रंगाबद्दल सांगितलं, त्यांनी नखं बघितली आणि तिथूनच गाडी करून पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवलं. बाळ आता घरी आहे, हातपाय झाडतं आहे, भूमहून पाण्याचे जार येतात. विहिरीच्या कठड्यावर लाल रंगानं "पाणी पिण्यास अयोग्य" असं लिहून झालं, तुमची जुनी खूण त्याच रंगाखाली गेली. अहवाल वर गेला आहे, खाणीचा भोंगा अजून वाजतोच आहे. त्या पहिल्या लेकराला पाण्यानंच नेलं का, हे आता कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही. मावशी माझ्याशी बोलत नाहीत. नातसून बोलते, पण तिला अजून वाटतं की तिचं उकळणंच कुठंतरी चुकलं. तिला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगेन.

घरी आल्यावर मी तुमच्या वहीत, त्या ओळीच्या शेजारी लिहिलं, "या दिवशी विहीर मोजलेली नाही," आणि खाली सही केली. खोडरबर घेऊन तुमचा ठिपका पुसणार होते, पण हात तिथंच थांबला. कारण ते लिहिलेलंही खोटं आहे, आबा.

टेप मी सोडला होता. मावशींना जे सांगितलं आणि वर तुम्हालाही जे लिहिलं, तेवढं भित्र्या पोरीचं आहे, म्हणून ते सांगता आलं. खरं असं की उसाशानंतर मी पळाले नाही. खडू घासला, तुमचा ओळंबा बांधला आणि टेप सोडला. ओली रेघ बघितली आणि वाटलं, चुकलं. पुसला, परत खडू घासला, परत सोडला. तीनदा. तिन्ही वेळा रेघ तिथंच. तेव्हा मला कळलं की पाणी खरंच वर आहे आणि आकडा बरोबर आहे. पण हेही कळलं की हा आकडा बघून तुम्ही वही मिटाल आणि म्हणाल, "जा, परत मोजून ये." आणि त्या विहिरीवर परत जाणं माझ्यानं होणार नव्हतं. म्हणून ओढणीनं खडू पुसून टाकला आणि तुम्हाला पटेल असा आकडा लिहिला. तेव्हा मागं दाराआड ते बाळ होतं, त्याची आई होती, आणि पाणी चढलंय हे जगात फक्त मला माहीत होतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. वहीत त्याच पानात ठेवते आणि ट्रंक लावते. ठिपका तसाच राहू दे, तो खोडायचा हक्क परत जाऊन मोजणाऱ्याचा. मी चोवीस वर्षांनी गेले, पण त्या दिवशीचं पाणी आता तिथं नाही, ते फक्त माझ्याकडं आहे. ते तुम्हाला देते.

सहा मीटर चाळीस, आबा. कठडा वजा करून.